प्रयोगाआधी संपणारे करार : एक्स-रे लेझर केंद्रांना आणि निधी देणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
एक्स-रे मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर केंद्रांची संचालक मंडळे,
बीमटाइमचे वाटप करणाऱ्या समित्या,
आणि या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था

सन्माननीय सदस्यहो,

आमच्या गटातील एका सहकारी संशोधिकेने प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या एका प्रथिनाचे सूक्ष्मस्फटिक वाढवण्याची पद्धत बसवली, बीमटाइमसाठी, म्हणजे लेझरवर प्रयोग करायला मिळणाऱ्या वेळेसाठी, अर्ज लिहिला आणि तो मंजूरही झाला. प्रयोगाची तारीख मात्र तिचा करार संपल्यानंतरची मिळाली. तिने मुदतवाढ मागितली, तेव्हा 'निधीच्या नियमांत तशी तरतूद नाही' असे उत्तर आले. प्रयोग ठरल्या दिवशी झाला, डेटा साठवला गेला, आणि तो डेटा सर्वांत चांगला वाचू शकणारी व्यक्ती तोपर्यंत दुसऱ्याच विषयातील नोकरीत रुजू झाली होती. या निर्णयावर गप्प राहणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून, पण सर्वांसमक्ष लिहीत आहे. मी याच क्षेत्रात पोस्टडॉक म्हणून, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावर, काम करते, माझाही करार मुदतीचा आहे आणि पुढे मी जे मागणार आहे त्याचा लाभ मलाही होऊ शकतो, हे आधीच सांगितलेले बरे.

हे पत्र क्षेत्राबाहेरचे वाचकही वाचतील, म्हणून कामाचे स्वरूप थोडक्यात सांगते. एक्स-किरणांनी प्रथिनांची रचना पाहण्याची पद्धत जुनी आहे, पण जे किरण रेणूची रचना दाखवतात तेच त्याला इजाही करतात. एक्स-किरणांचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, पुरेसा आखूड आणि पुरेसा प्रखर असेल, तर रेणू विस्कटण्याआधीच त्याचे विवर्तन, म्हणजे त्याच्यावरून विखुरलेल्या किरणांचा आकृतिबंध, नोंदवता येईल, हे रिचर्ड न्यूट्झ, यानोश हायदू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली गणिताने दाखवले. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत वेगवान इलेक्ट्रॉनांपासून असे स्पंद निर्माण करणारा एलसीएलएस हा एक्स-रे मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर सुरू झाला आणि २०११ मध्ये प्रकाशसंश्लेषणातील फोटोसिस्टिम-१ या प्रथिनसंकुलाच्या नॅनोस्फटिकांवर, तसेच मिमीव्हायरस या मोठ्या विषाणूच्या एकेका कणावर ही कल्पना प्रत्यक्षात उतरल्याचे प्रसिद्ध झाले. एक स्पंद लागला की तो स्फटिक संपतो आणि पुढच्या चित्रासाठी नवा स्फटिक लागतो, त्यामुळे फोटोसिस्टिमच्या त्या अभ्यासात ३० लाखांहून अधिक विवर्तनचित्रे घ्यावी लागली. आज जपानमध्ये साक्ला, कोरियात पाल-एक्सएफईएल, स्वित्झर्लंडमध्ये स्विसएफईएल आणि हॅम्बुर्गजवळ ३.४ किलोमीटर लांबीचे युरोपियन एक्सएफईएल कार्यरत आहे. जगभरचे जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक याच मोजक्या यंत्रांवर वेळ मागतात. मागणीच्या मानाने वेळ फार थोडा आहे, आणि यात कोणाचाही दोष नाही. पण या टंचाईचा जवळजवळ सगळा भार ज्याची नोकरी सर्वांत कच्ची आहे त्याच्यावर टाकला जातो, आणि तो तसा टाकायचा की नाही हे ठरवणे आपल्या हातात आहे.

पहिली तक्रार वेळापत्रकाची आहे. पोस्टडॉकचा करार पुष्कळदा दोन वर्षांचा असतो. रुजू झाल्यावर प्रथिन तयार करणे, ते शुद्ध करणे आणि इंजेक्टरमधून, म्हणजे नमुना बारीक फवाऱ्याच्या रूपात किरणांसमोर सोडणाऱ्या उपकरणातून, जाऊ शकतील इतके लहान व एकसारखे स्फटिक वाढवणे यांतच बराच काळ जातो, कारण मोठा देखणा स्फटिक वाढवण्याचे आजवरचे सारे कसब येथे उलट्या दिशेने वापरावे लागते. अर्जासाठी आवाहन वर्षातून एकदा-दोनदाच निघते. त्यानंतर परीक्षण, मग वाटप, मग वेळापत्रक, आणि मंजुरीनंतर प्रत्यक्ष प्रयोगापर्यंत आणखी काही महिने. अर्ज पहिल्या फेरीत नाकारला गेला, आणि चांगले अर्जही नाकारले जातात, तर पुढची फेरी गाठेपर्यंत कराराचे दुसरे वर्ष उजाडलेले असते. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती येतात त्या पुष्कळदा बारा-बारा तासांच्या पाच शिफ्टा. त्यांतून निघालेल्या डेटाचे विश्लेषण त्यानंतर सुरू होते. त्याला किती वेळ लागतो हे केंद्रांना चांगले ठाऊक आहे. युरोपियन एक्सएफईएलच्या डेटा धोरणात प्रयोग करणाऱ्या गटाला डेटा इतरांसाठी खुला होण्याआधी फक्त स्वतःकडे राखून ठेवण्यासाठी साधारणतः तीन वर्षे दिली जातात. ज्या डेटाच्या अभ्यासाला तीन वर्षे लागू शकतात असे एक नियम मानतो, तो डेटा मिळवणाऱ्या माणसाला अर्जापासून शोधनिबंधापर्यंत सगळे मिळून दोन वर्षे देणारा दुसरा नियम त्याच्या शेजारीच नांदतो.

हा प्रश्न मांडला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. केंद्र म्हणते की पोस्टडॉक आमचा कर्मचारी नाही. विद्यापीठ म्हणते की पगार निधीतून येतो. निधी देणारी संस्था म्हणते की बीमटाइमच्या तारखा आम्ही ठरवत नाही. तिन्ही विधाने खरी आहेत, म्हणूनच हे पत्र मी तिघांच्याही नावे लिहिले आहे. बीमटाइमच्या अर्जात नमुना कितपत तयार आहे, स्फटिकांचा आकार काय, नमुना जैविकदृष्ट्या धोकादायक आहे का, हे सारे तपशिलाने विचारले जाते. या प्रयोगाचे मुख्य काम करणाऱ्या व्यक्तीचा करार कोणत्या तारखेपर्यंत आहे, ही एक ओळ मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या कोणत्याही अर्जात नव्हती.

दुसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. डेटा सांभाळण्यावर आपण मोठा खर्च करता, पण तो समजणाऱ्या माणसाला जाऊ देता, आणि एकावाचून दुसऱ्याचा उपयोग फारसा होत नाही. पंप-प्रोब प्रयोगात दृश्य प्रकाशाचा लेझर आधी रेणूत बदल सुरू करतो आणि ठरावीक विलंबाने येणारा एक्स-किरणांचा स्पंद त्या क्षणाचे चित्र घेतो. दोन्ही स्पंदांच्या आगमनातील अंतर दर वेळी किंचित हलते, त्यामुळे ते प्रत्येक स्पंदागणिक स्वतंत्र उपकरणाने मोजावे लागते आणि नंतर चित्रे खऱ्या विलंबानुसार लावून घ्यावी लागतात. या उपकरणाचे मापांकन कोणत्या रननंतर, म्हणजे मोजमापाच्या कोणत्या फेरीनंतर, बदलले, नोझल अर्धवट तुंबल्यामुळे फवारा कधी वाकला, नमुन्याची नवी कुपी जोडल्यावर स्फटिकांचा आकार बदलला होता का, याच्या काही नोंदी होतात. पण पहाटे चार वाजता, नियंत्रणकक्षात चार जण एकाच वेळी बोलत असताना केलेली नोंद ही ती करणाऱ्यालाच नीट उलगडते. विवर्तनचित्रे टिपणारा डिटेक्टरही सलग काचेसारखा नसतो; तो अनेक लहान पट्ट्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक पट्टीची खरी जागा फार बारकाईने दुरुस्त करून घ्यावी लागते. ती थोडी चुकली तरी चांगल्या स्फटिकांची चित्रे संगणक निरुपयोगी ठरवतो. अशा वेळी दोष स्फटिकाचा, डिटेक्टरच्या भूमितीचा की फवाऱ्याचा, हे ओळखण्यासाठी तेथे बसलेला माणूस लागतो. त्याच्या माघारी आलेला नवा पोस्टडॉक हुशार असतो, मेहनतीही असतो, पण त्याचे पहिले कित्येक महिने आधीच्या व्यक्तीला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा शोधण्यात जातात, आणि तेवढ्यात त्याच्याही कराराचे घड्याळ चालू झालेले असते. काही डेटासंच या हस्तांतरातून कधीच बाहेर येत नाहीत. त्यांच्यावर खर्ची पडलेला बीमटाइम कोणाला तरी नाकारूनच दिलेला होता, हे वाटप समित्यांनी लक्षात घ्यावे.

याउलट माणसे टिकली तर काय होते, याचेही उदाहरण याच क्षेत्रात आहे. पाण्यापासून ऑक्सिजन तयार करणाऱ्या फोटोसिस्टिम-२ मधील मँगनीजच्या केंद्रात टप्प्याटप्प्याने काय घडते, याचा पाठपुरावा बर्कलेच्या गटाने सहकाऱ्यांसह एलसीएलएस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांपासून केला. २०१३, २०१६, २०१८ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले शोधनिबंध एकापुढे एक ठेवून वाचले, की नमुना पोहोचवण्याची पद्धत, एक्स-किरण वर्णपटाची जोड आणि विश्लेषण कसे सुधारत गेले ते दिसते. हे काम दहा वर्षे एकत्र राहिलेल्या अनुभवाचे आहे. दोन-दोन वर्षांचे तुकडे जोडून ते झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी तक्रार वाया गेलेल्या बीमटाइमची आहे. इलेक्ट्रॉनांना वेग देणारा त्वरक बंद पडतो, लेझरचे स्पंद अस्थिर होतात, डिटेक्टर रुसतो; इतक्या गुंतागुंतीच्या यंत्रांत हे होणारच आणि केंद्रांवरील अभियंते त्यासाठी रात्रंदिवस झटतात हे मी पाहिले आहे. माझ्या एका प्रयोगात मिळालेल्या वेळेचा मोठा भाग त्वरकातील बिघाडात गेला. भरपाईचा वेळ मिळेल का, असे विचारल्यावर पुढच्या आवाहनात नव्याने अर्ज करण्याचा सल्ला मिळाला. महिनोन्महिने वाढवलेले स्फटिक तोपर्यंत टिकत नाहीत. कायम नोकरीत असलेल्या प्राध्यापकासाठी असा बिघाड म्हणजे एका वर्षाचा उशीर असतो. पोस्टडॉकसाठी त्याचा अर्थ शोधनिबंधांची रिकामी यादी घेऊन पुढची नोकरी शोधणे असा होतो, आणि ज्यांचा व्हिसा कराराला बांधलेला असतो त्यांना देशही सोडावा लागतो. अशा बिघाडांनंतर प्राधान्याने वेळ मिळण्याचा नियम लेखी असावा. तो कोणाच्या सद्भावनेवर किंवा गटप्रमुखाच्या ओळखीवर अवलंबून राहू नये.

आता नियंत्रण-प्रयोगांविषयी, म्हणजे दिसलेला परिणाम खरा आहे की प्रयोगाच्या पद्धतीमुळे आला हे तपासणाऱ्या प्रयोगांविषयी, कारण करारांचा प्रश्न येथे थेट विज्ञानाच्या विश्वासार्हतेला भिडतो. स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू प्रकाशाने सुटला की प्रथिन कसे हलते, याचा एलसीएलएसवरील प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो पुढे या क्षेत्राचा मानबिंदू ठरला. पण अशा प्रयोगांत पुरेसे रेणू उत्तेजित व्हावेत म्हणून पंप लेझरची तीव्रता खूप वाढवली जाते. त्यामुळे एकाच रेणूने एकाहून अधिक फोटॉन शोषल्यास दिसणारा बदल निसर्गात होणारा आहे की प्रखर प्रकाशाने घडवलेला आहे, ही शंका क्षेत्रात बराच काळ होती. २०२४ मध्ये त्या मूळ संशोधकांपैकी काहींनीच सहकाऱ्यांसह वेगवेगळ्या तीव्रतांवर प्रयोग केला आणि तीव्रतेनुसार रचनेतील बदल व त्यांचा कालक्रम वेगळा दिसतो, हे दाखवून दिले. विज्ञानाने असेच वागावे, आणि त्या संशोधकांबद्दल मला नितांत आदर आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या शोधनिबंधात नऊ वर्षे गेली. तीव्रता पायरीपायरीने बदलून मोजमाप घेण्याची गरज सर्वांना कळत होती, तरी त्यासाठी लागणाऱ्या शिफ्टा देताना 'यात नवीन काय?' हा प्रश्न आडवा येतो. पाच शिफ्टा मिळालेला, करार संपत आलेला पोस्टडॉक त्या शिफ्टांचे काय करेल? एकाच विलंबावर चार तीव्रता तपासण्याऐवजी तो एकाच तीव्रतेवर चार विलंब मोजेल, कारण चार विलंबांची मालिका प्रसिद्ध होते. हा त्याचा लोभ मानणे अन्यायाचे होईल. आपण आखून दिलेल्या नियमांना त्याने दिलेले ते सरळ उत्तर आहे.

कच्च्या डेटाबद्दलही हेच म्हणावे लागते. युरोपियन एक्सएफईएल सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकते, पण तेथील एजीआयपीडी डिटेक्टर सेकंदाला दहा वेळा येणाऱ्या स्पंदमालिकांपैकी प्रत्येकीतील जास्तीत जास्त ३५२ चित्रे साठवतो, म्हणजे सेकंदाला ३,५२०. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिले एक्स-किरण देणाऱ्या एलसीएलएस-२ ची रचना तर सेकंदाला दहा लाखांपर्यंत स्पंदांसाठी केलेली आहे. सगळी चित्रे कायम ठेवणे अशक्य आहे हे मला मान्य आहे. पण कोणती चित्रे टाकायची हे ठरवणारा निकष हा स्वतःच एक वैज्ञानिक निर्णय असतो. क्षीण विवर्तनाची चित्रे आजच्या सॉफ्टवेअरला निरुपयोगी वाटतात आणि उद्याच्या सॉफ्टवेअरला त्यांतून काही मिळू शकते. अशा प्रयोगांचा डेटा सर्वांसाठी खुला ठेवणाऱ्या सीएक्सआयडीबी या भांडारातील डेटाचा नव्या विश्लेषण-पद्धती घडवताना उपयोग झालेला आहे. प्रथिनांच्या रचना आता संगणकच सांगतो, मग प्रयोगांवर एवढा खर्च कशाला, असे निधीच्या चर्चांत हल्ली ऐकू येते. त्या संगणकीय यशामागे १९७१ पासून जपलेले प्रोटीन डेटा बँकेचे खुले भांडार आहे, आणि प्रथिन फेम्टोसेकंदांत व पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी काळात, कसे हलते याचे तसे भांडार अजून कोणाकडेही नाही. ते घडवण्याची संधी आपल्यापाशी आहे. डेटा वगळण्याचे निकष वापरकर्त्यांना न विचारता ठरले, तर ती संधी हातची जाईल.

श्रेयाबद्दल थोडेच लिहिते. २०११ च्या फोटोसिस्टिमच्या शोधनिबंधावर सत्तरहून अधिक नावे आहेत, आणि एवढ्या मोठ्या प्रयोगाला ते साजेसेच आहे. पण पुढच्या नोकरीची निवड समिती पहिले आणि शेवटचे नाव पाहते. नोझल घडवणारा, स्फटिक वाढवणारी, विश्लेषणाचा प्रोग्रॅम लिहिणारा यांची नावे मधल्या गर्दीत जातात. जेथे विवर्तनचित्रांचे विश्लेषण करणाऱ्या क्रिस्टएफईएलसारख्या सॉफ्टवेअरवाचून हजारो चित्रांतून एकही रचना निघत नाही, तेथे सॉफ्टवेअर लिहिणे हे दुय्यम काम कसे ठरते, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. सलग रात्रपाळ्या करून, त्या संपताच लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या तरुण संशोधकांच्या विश्रांतीचा विचारही कोणत्याच नियमावलीत ठळकपणे आढळत नाही.

या सगळ्यावर आक्षेप येईल तो पैशाचा. करार लांबवले तर तेवढ्याच निधीत कमी पोस्टडॉक घेता येतील, हे खरे आहे, आणि माझ्यासारख्या काहींना मग ही संधी मिळणार नाही, हेही खरे आहे. त्याची मला जाणीव आहे. तरीही अर्धवट राहणाऱ्या प्रयोगांवर अनेकांना नेमण्यापेक्षा पूर्ण होणाऱ्या प्रयोगांवर थोड्यांना नेमणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. निधी देणाऱ्या संस्थांनी एक्स-रे लेझरवरील प्रयोगांवर आधारलेल्या पोस्टडॉक पदांचा करार किमान तीन वर्षांचा करावा, आणि मंजूर झालेला प्रयोग कराराच्या शेवटच्या वर्षात किंवा त्यानंतर येत असेल, तर प्रयोगाच्या तारखेपासून किमान बारा महिन्यांची मुदतवाढ आपोआप मिळावी. त्यासाठी लागणारी रक्कम निधी मंजूर करतानाच बाजूला ठेवावी. वाटप समित्यांनी अर्जात कराराची मुदत विचारावी आणि तारीख ठरवताना ती लक्षात घ्यावी. मुदत कमी आहे म्हणून अर्ज नाकारला जाऊ नये, हेही त्यासोबत स्पष्ट लिहावे, नाहीतर उपायच अपाय ठरेल. केंद्राच्या बाजूच्या बिघाडाने मंजूर वेळेचा निम्म्याहून अधिक भाग गेला, तर नवा अर्ज न मागता पुढच्या फेरीत भरपाई द्यावी. प्रत्येक फेरीतील बीमटाइमचा निश्चित आणि जाहीर केलेला हिस्सा नियंत्रण-प्रयोगांसाठी व जुन्या निष्कर्षांच्या पडताळणीसाठी राखावा आणि त्याचे परीक्षण नावीन्याच्या निकषावर करू नये. केंद्रांनी नमुना पोहोचवणे व डेटाचे विश्लेषण यांसाठी कायम पदे वाढवावीत, म्हणजे अनुभव केंद्रातच राहील. कच्चा डेटा वगळण्याचे निकष लागू करण्याआधी वापरकर्त्यांच्या प्रतिनिधींसमोर ठेवावेत आणि नंतर ते प्रसिद्ध करावेत. प्रत्येक प्रयोगाच्या अंतिम अहवालात कोणी कोणते काम केले याची नोंद सक्तीची करावी आणि ती त्या व्यक्तीला प्रमाणपत्र म्हणून वापरता यावी.

यांपैकी अर्जातील एका ओळीची मागणी बिनखर्चाची आहे आणि ती पुढच्याच आवाहनापासून अमलात येऊ शकते. बाकीच्यांना पैसा आणि वेळ लागेल, हे मी जाणते. आपल्यापैकी प्रत्येक मंडळाने व संस्थेने पुढच्या आवाहनाच्या आत यांतील कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे लेखी व जाहीरपणे सांगावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक पोस्टडॉक संशोधक